शून्य नंबरच्या यमुनाबाई

"काहून जी, मायं नाव तुमच्या मोबाईलमधी नाई म्हणे?"

यमुनाबाई साकोलीकडून एसटीनं थेट आमच्या भंडाऱ्याच्या ऑफिसात आल्या होत्या. हातात पाणीपाळीची छापील यादी, तिच्यात पहिलंच नाव त्यांचं. धान निसवायला, लोंब्या टाकायला आलेलं, पाऊस गायब, बांध्यांमधल्या चिखलाला भेगा. आणि तलावाचं पाणी त्यांना वगळून दुसऱ्या नंबरच्या शेतावर गेलेलं.

त्यांच्या गावची रीत अशी, की पाणी आधी शेवटच्या टोकाच्या शेताला, म्हणजे यमुनाबाईंच्या. नाहीतर वरचेच सगळं संपवतात. तलावाचं गेट उघडणारे पाणकर श्रावणभाऊ ही पाळी तोंडपाठ सांभाळायचे. मग गावच्या पाणी संस्थेनं आमच्याकडून ॲप करून घेतलं. नाव टाका, हिरवी खूण आली तर पाणी, लाल आली तर नाही. खुणेविना गेट उघडलं तर श्रावणभाऊंचं काम जाणार. असं सुधारलं आम्ही त्यांना. ॲप मीच लिहिलं होतं.

"बाईनं नाव चुकीचं टाकलं असन," आमचे सर म्हणाले. "टेस्टिंग झालं ना?"

"नाव श्रावणभाऊनं टाकलं," बाई म्हणाल्या. "तीस वर्सं झाले, वळखते तो मले."

टेस्टिंग झालं होतं. यादीच्या मधली दहा नावं मी टाकली, दहाही हिरवी. यादीत नसलेलं नाव टाकून पाहू का, असं विचारलं तेव्हा सर म्हणाले होते, "ज्याचं नावच नाही, तो पाणी मागाले कायले येईन?" सर कधी गावात राहिलेले नाहीत.

मी यमुनाबाईंचं नाव टाकलं. लाल. सहज माझं टाकलं. हिरवं. माझ्या नावावर वीतभर जमीन नाही. मी कोड उघडला. गावची यादी त्यात एका ॲरेत होती.

ॲरे म्हणजे ओळीनं ठेवलेली नावं. त्यांची मोजणी शून्यापासून होते. नाव शोधलं की त्याची जागा मिळते : पहिल्याची शून्य, दुसऱ्याची एक. नावच नसेल तर उणे एक. मी लिहिलं होतं, 'जागा मिळाली तर हिरवं.' कॉम्प्युटर शून्याला 'नाही' समजतो आणि बाकी कुठल्याही आकड्याला, अगदी उणे एकलाही, 'हो'.

श्रावणभाऊंना फोन लावला. यादीबाहेर कुणाला पाणी गेलं का?

"माजी सरपंचाच्या साळ्याले गेलं जी. मले बी नवल वाटलं. पण हिरवी आली, मी का करू?"

एक ओळ बदलली. दोन मिनिटांचं काम. "चूक माझी आहे, बाई," मी म्हणालो. खरंच शरम वाटत होती.

"मंजे पयला माणूस तुमच्या मशीनले दिसतच नोयता?"

"हो."

"अन् जो यादीतच नाई, तो दिसत होता?"

"हो."

"मंग गावातलंच शिकलं म्हणा ते."

दुसऱ्या दिवशी त्यांना पाणी मिळालं. चारपैकी दोन बांध्या वाचल्या, दोन बांध्यांचं धान पोचट निघालं. सरांनी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'किरकोळ सुधारणा केली.'

आता काहीही लिहिलं की मी आधी दोनच नावं शोधतो : यादीतलं पहिलं आणि यादीत नसलेलं. दुसऱ्यासाठी मी सरांचं नाव टाकतो.