खिंडार पडण्याआधी

डिट्लेव्ह फॉन राल्स्टॉर्फ सतराव्या वर्षी पलटणीचा झेंडा घेऊन घराबाहेर पडला, तो अठ्ठावन्नाव्या वर्षीही परतला नव्हता. मधल्या काळात त्याने तीन राजांची चाकरी केली, दोनदा बाजू बदलली (तेव्हा सगळेच बदलत) आणि सुरुंगाच्या स्फोटात एक कान गमावला. फार लढाया जिंकल्या असंही नाही. पण पळाला असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. या गोष्टीचा त्याला भारी तोरा. त्याचा ढोलवाला हेनिंग सव्वीस वर्षं त्याच्या मागे होता आणि त्या तोऱ्याने त्याच्या नाकी नऊ आले होते.

शेवटची नेमणूक नदीकाठच्या एका तटबंदीच्या गावावर किल्लेदार म्हणून झाली. आल्या आल्या वेढा पडला. नवव्या आठवड्यात धान्य संपलं, मग खायला घोडेही उरले नाहीत. तटाला तडे गेले, पण खिंडार काही पडेना. आणि रिवाज तर पक्का होता: शत्रूला चढता येईल एवढं खिंडार पडण्याआधी किल्ला दिला, तर किल्लेदाराचं डोकं त्याचाच राजा उडवतो. खिंडार पडल्यावरही अडून बसला, तर शत्रू गावात कुणाला जिवंत ठेवत नाही.

मंगळवारी हेनिंगने विषय काढला. "सरकार, पडलं म्हणायचं का हे?"

राल्स्टॉर्फने फटीत काठी खुपसून पाहिली. "इथून बकरी तरी चढेल का?"

"भुकेली असली तर चढेल, सरकार."

"तोंड आवर, गाढवा."

गुरुवारी सकाळी हेनिंगची बायको गेस्के शेजारणीचं पोर पुरून घरी आली. "तुझा मालक अजून दगडच बघतोय का?" तिने विचारलं. "त्याला म्हणावं, जरा खाली वळून गावाकडे बघ."

हेनिंगने ढोल गळ्यात अडकवला, तटावर चढला आणि शत्रूशी बोलणी करायचा ताल वाजवला. तो ऐकला की दोन्हीकडच्या तोफा थांबतात. हुकुमाशिवाय वाजवणाऱ्याला फाशी होते, हे त्याला ठाऊक होतं. राल्स्टॉर्फ दहा पावलांवर उभा होता. त्याने चांगला कान इकडे केला, ताल पुरा ऐकला, टोपी नीट बसवली आणि दरवाजा उघडायला खाली गेला.

ठरल्याप्रमाणे राल्स्टॉर्फची फौज झेंडे फडकवत बाहेर पडली. गावाच्या केसालाही धक्का लागला नाही. महिन्याभराने राल्स्टॉर्फवर खटला उभा राहिला. हेनिंग आपणहून पुढे झाला. "मीच वाजवला. साहेबांचा हुकूम नव्हता," तो म्हणाला.

"म्हातारा खोटं बोलतोय," राल्स्टॉर्फ शांतपणे म्हणाला. "माझ्या पलटणीत हुकुमाशिवाय ढोल वाजत नाही."

न्यायाधीशांना तेवढं पुरलं. खानदानी म्हणून दोराऐवजी तलवार मिळाली. शिरच्छेदाच्या सकाळी ढोल वाजवायला हेनिंगलाच उभं केलं होतं. त्याच्या शेजारून जाताना राल्स्टॉर्फ थांबला.

"दोन दिवस उशीर केलास, हेनिंग," तो म्हणाला. "मी मंगळवारपासून वाट बघत होतो."

त्या दोन दिवसांत गावात नऊ पोरं गेली होती. हेनिंगला ती सगळी नावानिशी ठाऊक होती. तेवढ्यात ढोल वाजवायची खूण झाली.