अठ्ठावीस पाउंड हवा

जगात ज्याच्याशी घासाघीस करताच येत नाही असा एकच माणूस मला भेटला, आणि तो नेमका माझ्याच घरात भाड्याने राहायला आला. मी सोळाव्या वर्षी सुरतेत, लिंबायतमध्ये दुसऱ्याच्या लूमवर उभा राहिलो आणि निव्वळ जिभेच्या जोरावर पुढे स्वतःचे आठ लूम आणि सुताचं गोदाम केलं. कुणी सांगितलेला भाव मी पहिल्या झटक्यात कधी मान्य केला नाही. डॉक्टरने पंधरा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या तर मी त्याला दहावर आणतो. प्लेगच्या धास्तीने सुरत रिकामी झाली तेव्हा माझी बायको-मुलं अमळनेरला गेली, ती तिकडेच रमली. वरचा मजला ओस पडला. वर्षभराने बँकेतले एक साहेब जागा बघायला आले. साताऱ्याकडचे, पन्नाशीचे, एकटे, काखेत छत्री. मी तोंडाला येईल ते भाडं सांगितलं. म्हणजे तासभर बोलणं होईल, दोनदा चहा होईल, एकदा ते उठून जातील, मी जिन्यातून परत बोलावीन, असा माझा हिशेब. साहेब म्हणाले, "ठीक आहे," आणि त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मीच वर जाऊन भाडं कमी करून आलो. "ठीक आहे," ते तेव्हाही एवढंच म्हणाले.

त्यांच्याकडे एक जुनी पांढरी पद्मिनी होती, गिअरची दांडी स्टिअरिंगला असलेली. लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, साहेब हवा मोजायचं गेज लावत. गाडीच्या चाकात अठ्ठावीस पाउंड हवा हवी, यावर त्यांची जेवढी श्रद्धा होती तेवढी माझी कुठल्या देवावर नाही. पंपावर हवा भरून झाली की ते स्वतःचं गेज लावून बघत, एखादा पाउंड जास्त निघाला की वाकून तेवढाच फुस्स करून सोडून देत आणि मग पंपवाल्याचे मनापासून आभार मानत. स्टेपनीवर तर त्यांनी पांढऱ्या रंगाने, बँकेतल्या सुबक अक्षरात, २८ असं लिहूनच ठेवलं होतं. मी एकदा म्हणालो, "साहेब, सत्तावीस असली तर काय गाडी रडते?" ते विचारात पडले. "रडत नाही शेठ, पण कळतं."

हे सगळं निदान कुणाला त्रास न देणारं होतं. पण एके दिवशी बँकेत कुणीतरी लावलेली एक नोटीस त्यांनी वाचली. मोटारींच्या हौशी मंडळींचा एक क्लब हिवाळ्यात ऑटोक्रॉस भरवत असे. मोकळ्या मैदानात रबरी कोन मांडून नागमोडी वाट आखायची, एका वेळी एकच गाडी सोडायची आणि घड्याळ लावून वेळ मोजायची. कोन हलला की पाच सेकंद दंड, वाट चुकली की फेरी बाद. त्यात रोजच्या वापरातल्या गाड्यांचाही एक गट होता. साहेबांनी क्लबला पत्र लिहून अकरा प्रश्न विचारले. उत्तर आलं की पट्टा लावा, हेल्मेट घाला, आणि गाडीत सुटी वस्तू काही ठेवू नका.

गाडीला पट्टे नव्हते, ते त्यांनी बसवून घेतले. हेल्मेटची सवय व्हावी म्हणून ते घालूनच ते बँकेत जाऊ लागले. लिंबायतच्या नाक्यावर रिक्षावाले त्यांची वाट बघत. "काका, आत पाऊस पडतोय का?" एकाने विचारलं. साहेबांनी काच खाली करून सांगितलं, "अजून नाही." मग खडू आला. वळणावर टायर किती कलंडतो ते कळावं म्हणून ते टायरच्या कडेवर खडूने रेघा ओढत आणि एक वळण घेऊन आले की किती पुसलं ते गुडघे टेकून बघत. समोरच्या मावशींनी हे आठ दिवस पाहिलं. "साहेब रोज चाकनी पूजा करतस," त्या मला कौतुकाने म्हणाल्या, आणि नवव्या दिवशी त्यांनी चारी चाकांना हळदकुंकू लावलं. साहेबांनी त्यांना नमस्कार केला आणि खडूच्या रेघा कुंकवाच्या जरा वर ओढल्या. त्यांचा आणखी एक सिद्धान्त असा की घाई हातांनी करायची नाही, डोळ्यांनी करायची. नजर नेहमी पुढच्या कोनावर. ही नजर त्यांनी चालतानाही लावून धरली. गल्लीच्या पुढच्या वळणाकडे बघत चालताना समोरची गाय त्यांना दिसली नाही. गायीने मात्र त्यांना पाहिलं.

सरावाला कोन हवे होते. माझ्या गोदामात सूत संपलेले कागदी कोन पोत्यांनी पडलेले असत. साहेबांनी चाळीस मागितले. मी लगेच सरसावून म्हणालो, "काय कराल त्याचं?" आणि ते सांगत बसले. तास गेला, दोनदा चहा झाला. शेवटी मी चाळीसच्या जागी साठ दिले, त्या कोनांना लाल रंग लावायला बसलो, आणि रविवारी सकाळी कामरेजच्या पलीकडे एका पडीक जागेवर त्यांच्याबरोबर गेलो तो पुढे प्रत्येक रविवारी जातच राहिलो. सुताचा कोन वीतभर उंच. गाडीत बसल्यावर तो दिसतच नाही. पहिल्या रविवारी साहेबांनी एकतीस कोन चिरडले. मी बाजूला उभा राहून मोजत होतो आणि शिव्या देत होतो. घरी मला शिव्या द्यायलाही कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे माझा रविवार छान जाई. दिवाळीपर्यंत चिरडलेले कोन तीनवर आले.

एकदा तिथेच बॉनेटवर डबा उघडून बसलो असताना ते म्हणाले, "शेठ, सात गावं फिरलो नोकरीत. टेबलावरची पाटीसुद्धा बदलीच्या दिवशी काढून घेतात. या क्लबच्या हॉलमध्ये लाकडी बोर्ड आहे, पहिल्या तिघांची नावं रंगवतात. एका तरी गावात आपलं नाव राहावं." मग त्यांनी पोळीची घडी केली आणि तशाच आवाजात सांगितलं की बदलीचा कागद आला आहे, नांदेडला, जानेवारीत जायचं. म्हणजे ही स्पर्धा पहिली आणि शेवटची. मी पंधरा दिवसांच्या गोळ्या दहावर आणणारा माणूस, पण बदलीच्या कागदाला भाव नसतो. मी उठून कोन पुन्हा मांडायला लागलो.

स्पर्धा डुमसच्या बाजूला एका मैदानात होती. मी माझा टेम्पो घेऊन गेलो. साहेबांनी आधी आखलेली वाट तीनदा पायी चालून पाठ केली, हातात स्टिअरिंग असल्यासारखे हात फिरवत. मग गाडीतून सुट्या वस्तू काढून माझ्या हातात देत गेले: जॅक, पाने, चटया, छत्री, आणि शेवटी स्टेपनी. मी सगळं टेम्पोत रचलं. प्रत्येकाला दोन फेऱ्या, चांगली ती धरायची. पहिल्या फेरीत साहेब घाबरून वाट चुकले, फेरी बाद. दुसरीत मात्र ती म्हातारी पद्मिनी अशी गेली की माझ्या तोंडून शिवीसुद्धा निघाली नाही. तिसरा नंबर! आणि तेवढ्यात एका पोराने लाल झेंडा वर केला. शेवटून दुसरा कोन उभाच होता, पण त्याच्याभोवती आखलेल्या चुन्याच्या चौकटीबाहेर सरकला होता.

घड्याळवाल्याने माझ्याकडे बघून मान हलवली. "कोन खसी गयो छे, शेठ. पांच सेकंड तो लागशे ज."

"पवन तो जुओ!" मी सगळं वाऱ्यावर ढकललं. "तमारो मंडप ऊडे छे, ने कोन न खसे?"

माणूस कसलेला होता, पण मी तीस वर्षं सूतबाजारात काढली होती. मी त्याला पाचावरून तीनवर आणलं, तीनवरून एकावर, आणि मग पाठ फिरवून चालू लागलो. त्याने मागून हाक मारली. "सारु, जवा दो." दंड खोडायला पेन्सिल त्या पाचावर टेकली, आणि साहेब हेल्मेट काखेत घेऊन आले.

"भाईसाब, कोन हमनेच मारा है," ते म्हणाले. "पीछे के चाक से. हाथ को समझा."

"येड लागनं का तुमले!" मी ओरडलो. रागावलो की मी थेट अहिराणीत शिरतो. साहेबांचा नंबर चौथा झाला. मी भर मैदानात त्यांना काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "शेठ, बोर्डावर नाव राहिलं असतं, पण ते वाचताना मला कोनच दिसला असता."

"तुम्ही कुठे वाचणार होता?" मी म्हणालो. "तुम्ही तर चाललात नांदेडला. वाचणारा मी होतो!"

आणि टेम्पो काढून निघून आलो.

त्यांचं सामान मी दुसऱ्या दिवशी जिन्यात ठेवलं. स्टेपनी टेम्पोत मागे बाचक्यांखाली राहिली होती, ती नंतर सापडली. न्यायला तेच येतील म्हणून मी थांबलो. आणि मीच ती वर आणून देईन, म्हणून बहुधा ते. तीन आठवडे आम्ही एका जिन्याने चढ-उतार केली. ते गेले त्या दिवशी मी मुद्दाम सकाळीच बाजारात गेलो. परत आलो तर मावशींनी किल्ली दिली, सोबत चिठ्ठी. "स्टेपनी राहू द्या तुमच्याकडे. हवा बघत जा." किल्लीला त्यांनी ते गेज बांधलं होतं. एका पाउंडासाठी पंपावर वाकणारा माणूस सापुताऱ्याचा घाट स्टेपनीशिवाय चढणार होता, आणि ती माझ्या गोदामात पडली होती. त्या दिवशी मी कुणाशीही भाव केला नाही. जो सांगेल तो दिला.

आठवड्याने कार्ड आलं: सुखरूप पोचलो, चारही चाकं शाबूत. उत्तर लिहायला मी पुष्कळदा बसलो आहे. पण पहिलं वाक्य दरवेळी 'तो वाराच होता' असं येतं, आणि मी कागद फाडतो. कारण वाराच होता, हे माझं म्हणणं अजून कायम आहे.

वरचा मजला मी पुन्हा दिला नाही. माणसं येतात, मी भाडं सांगतो, ती घासाघीस करतात, आणि मी नाही म्हणतो. महिन्यातून एकदा स्टेपनी घरंगळत नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेतो. हवा भरून झाली की खिशातून गेज काढून लावतो आणि एखादा पाउंड जास्त असला तर सोडून देतो. परवा त्याने विचारलंच, "सेठ, गाडी तो आपके पास है नहीं. ये स्टेपनी किसकी?"

"किरायेदार की," मी म्हणालो. "बाहर गाँव गया है."