शेजारच्यांचा कप, आमचा हॉर्न

क्रिकेट टीम चालवली की दोनच गोष्टी साठतात, कप नाहीतर किस्से. आमच्याकडं कप साठले नाहीत. त्यामुळं किस्से एवढे झालेत की दुपारी कँटीनमध्ये कुणी नुसतं ‘टीम’ म्हटलं तरी चहा गार होईपर्यंत कुणी उठत नाही!

मी दिनकर. फौंड्रीत सुपरवायझर आणि बरीच वर्षं ‘फौंड्री इलेव्हन’चा कॅप्टन. कॅप्टन म्हणजे काय, तर ग्राउंड मागायचं मी, स्टंप आणायचे मी, अकरा जण गोळा करायचे मी आणि हरल्यावर शिव्या खायच्या त्याही मीच!

मालकांनी लई हौसेनं कँटीनमध्ये कप ठेवायला काचेचं कपाट करून घेतलंय. त्यात आजवर प्लॅस्टिकच्या फुलांचा एक गुच्छ आहे. शेजारच्या कंपनीच्या गेटातनं आत गेलं की समोर त्यांचं कपाट. त्यात कप मावत नाहीत म्हणून राहिलेले वरती ठेवलेत! कामानिमित्त तिथं जायला लागतं तेव्हा मी आधी त्या कपाटापुढं थांबतो आणि मग साहेबांकडं जातो. खोटं कशाला बोलू, जळतं माझं. आमच्या कपाटात एक तरी कप बघायचा, एवढी एकच हाव आहे मला.

*

पहिली जळजळ फुटबॉलची. कोल्हापुरात क्रिकेट टीम चालवायची म्हणजे मटणाच्या पंगतीत वरणभात वाढायचा. पेठेची फुटबॉल मॅच असली की आमची निम्मी टीम आजारी पडते.

आमचा विकेटकीपर बबन शिवाजी पेठेतला. एका रविवारी सकाळी फोनवर नुसता कण्हायला लागला. “कॅप्टन, अंगात ताप हाय. उठाय येईना.” म्हटलं, झोप बाबा. दुपारी मोबाईलवर फुटबॉलचं लाइव्ह लावलं तर हा पठ्ठ्या कुणाच्या तरी खांद्यावर बसून नाचतोय! अंगात शर्टसुद्धा नाही!

सोमवारी गेटातच धरला त्याला. “काय रं, ताप हुता न्हवं तुला?”

“व्हय की! म्हणून तर शर्ट काढला!”

मला त्याचा राग नाही आला. राग आला त्या गर्दीचा. माणसावर माणूस चढून बघत होता! आमची मॅच त्या दिवशी बघायला दोन म्हशी होत्या. त्यातली एक ड्रिंक्सच्या आधीच निघून गेली.

*

मग टी-शर्ट. शेजारच्यांना कंपनीकडनं जर्सी, पाठीवर प्रत्येकाचं नाव. आम्हाला कोण देणार? बबनच्या मेहुण्याचं खताचं दुकान आहे, त्यानं जाहिरातीचे टी-शर्ट दिले. छातीवर मोठ्या अक्षरात, ‘जोमदार वाढीची हमी’.

आमच्यातल्या निम्म्यांची पोटं सुटलेली. मी टॉसला गेलो तर शेजारच्यांच्या कॅप्टननं आधी टी-शर्ट वाचला, मग माझं पोट बघितलं आणि म्हणाला, “वाढ दिसाली पावणं. पीक कधी येणार?”

त्या दिवशी मी शून्यावर आउट झालो. पीक आलंच नाही.

*

आता हॉर्नचं सांगतो. माझी स्कूटर जुनी. तिचा मूळचा हॉर्न बंद पडला तेव्हा मिस्त्रीनं भंगारातल्या जीपचा काढून बसवला, वेगळ्या बॅटरीवर. गाडी बंद असली तरी वाजतो. सुरुवात रेडकू ओरडल्यागत आणि शेवट खोकल्यागत. तसला आवाज जिल्ह्यात दुसरा नाही.

दर रविवारी पहाटे मी शिवाजी पेठेतनं निघतो आणि पार राजारामपुरीपर्यंत एकेकाच्या दारात हॉर्न मारत जातो. फोन कुणी उचलत नाही, पण हॉर्न ऐकला की गडी डोळे मिटलेले असले तरी बॅग उचलून खाली येतो. बबनच्या शेजारच्या काकी तर एकदा गॅलरीतनं ओरडल्या, “दिनकरराव, तुमच्यापायी अख्ख्या गल्लीची आंघोळ पाचला हुतीया! एक तरी मॅच जिंका की!”

बबनच्या वरातीत रस्ता मोकळा व्हावा म्हणून मी एकदाच हॉर्न वाजवला. नवरदेव घोड्यावरनं उतरून माझ्या मागं बसायला निघाला!

*

आणि मग आला अभिजित चौगुले.

आमच्याच क्वालिटी खात्यात नवीन लागला, राजारामपुरीत खोली घेऊन राहिला. अंगानं काडी, बोलणं मऊ. पण बॅट हातात आली की बॉल थेट शेजारच्या उसात! त्याच्यामुळं आम्ही मॅचा जिंकायला लागलो. मालक मला विचारायचे, “चौगुले बरा हाय न्हवं?” मी बरा आहे का हे एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नाही.

त्याच्यात खोट एकच, झोप. उशाला ताशा वाजवला तरी ह्या कुशीवरनं त्या कुशीवर. उठायचा तो फक्त माझ्या हॉर्नला.

बाहेरचं एक वेळ सोसलं असतं हो, पण तो घरात शिरला! मॅच झाली की टीम माझ्याकडं चहाला येते. अभिजित जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारा. आमच्या मंडळींच्या कानावर हे पडायचा अवकाश, दर रविवारी दिवस असतानाच बिनकांद्याचा, बिनलसणाचा मसूर आणि गरम भाकरी तयार! माझं ताट तिची मालिका संपल्याशिवाय कधी वाढलं गेलेलं नाही.

मी म्हटलं, “मलाबी सहाला वाढ की. मीबी कांदा सोडतो.”

भाकरी उलटत ती म्हणाली, “कांदा खावा तुम्ही. आधी पन्नास काढून या!”

अभिजितनं ताटातनं मान वर केली. “काकी, कॅप्टनचा डिफेन्स लई चांगला हाय.”

त्यानं माझी बाजू घेतली, तेव्हा तर मी जास्तच पेटलो.

*

त्याला शेवटी शेजारच्यांनीच नेला. मोठी पोस्ट दिली. जाताना पेढे घेऊन घरी आला, माझ्या पाया पडला. “कॅप्टन, रविवारचं जेवण काय सोडणार न्हाई बरं का,” म्हणाला. मंडळींनी डोळ्याला पदर लावला. मी नोकरीला लागलो तेव्हा ही हसली होती.

पुढच्याच महिन्यात तो त्यांच्या जर्सीत दिसला. पाठीवर नाव, ‘चौगुले’. खेळाडूंना आणायला-सोडायला एसी बस. मी खताचा टी-शर्ट पँटीत खोचला आणि फिल्डिंग लावायला गेलो.

*

त्या वर्षी औद्योगिक वसाहतीच्या टूर्नामेंटमध्ये आम्ही फायनलला गेलो! कसं, ते पण सांगतो. सेमीफायनलला समोरची टीमच आली नाही. त्यांच्यातले निम्मे आजऱ्याचे आणि आजऱ्यात त्यांच्याच भावकीतलं लग्न. जेवणं लांबली, आम्ही जिंकलो.

फायनल शेजारच्यांशी. शनिवारी कँटीनमध्ये रिकाम्या कपाटाखाली मीटिंग बसली. बबन म्हणाला, “कॅप्टन, उद्या अभ्याच्या दारात हॉर्न मारायचा न्हाई. तो झोपला की कप आपला!”

“त्याला न्यायला त्यांची बस येणार की.”

“बसनं उठतोय व्हय तो? आजवर तुमच्याच हॉर्ननं उठून बसमधी बसलाय!”

मी कपाटातला गुच्छ त्याच संध्याकाळी काढून ठेवला. जागा करून.

रविवारी राजारामपुरीत शिरलो तसं गाडी बंद केली आणि ढकलत निघालो. अभिजितच्या कोपऱ्यावर चहाची गाडी लागते. चहावाला म्हणाला, “बस येऊन गेली की. लई बोंबलली. वरनं कोण आलंच न्हाई.”

वर बघितलं. खिडकी बंद, दिवा बंद. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! कप मला डोळ्यांपुढं दिसायला लागला, काचेच्या आत, मधोमध. आता नुसतं गप पुढं जायचं होतं. जात पण होतो. पण त्याच्या दारासमोर आलो आणि दर रविवारी अंगठा जे करतो ते त्यानं केलं.

प्याँऽऽऽ... खर्रर्र!

वरनं आवाज आला, “आलो कॅप्टन!”

खाली आला, त्यांची जर्सी घालून, आणि डोळे चोळत माझ्या मागं बसला. पूल ओलांडल्यावर त्याला जाग आली. “कॅप्टन, मी आता तुमच्या टीमात न्हाई न्हवं?”

“न्हाईस.”

“मग?”

“गप बस. वळण हाय.”

ग्राउंडवर आम्हाला दोघांना उतरताना बघून बबननं ग्लोव्हज मातीत आपटले. “ह्यो कॅप्टन हाय का रिक्षावाला!”

मॅचचं काय सांगू? आमची पोरं दिवसभर उसात बॉल शोधत होती. हरलो आम्ही. प्रमुख पाहुणे उशिरा आले म्हणून बक्षिसं व्हायला दिवस कलला. मी स्कूटरला टेकून उभा होतो, बाकीची टीम झाडाखाली आडवी झालेली. समोर त्यांचा फोटो चाललेला, मधोमध अभिजित, हातात कप. माझ्या डोळ्यात पाणी आलं. धुळीनं नव्हे.

तेवढ्यात त्यांचे मॅनेजर माझ्याकडं आले. हॉर्नवरनं हात फिरवला. म्हणाले, “पावणं, आमची एवढी मोठी बस ओरडून ओरडून परत आली. आणि तुमच्या ह्या डबड्याला तो उठला! कुठं मिळतो हो ह्यो?”

त्यांचा आवाज मला ओळखीचा वाटला. त्यांच्या कपाटापुढं जळत उभा असतो तेव्हा माझा असाच होतो.

“वाजवून बघू?” म्हणाले आणि माझं उत्तर यायच्या आत दाबला.

प्याँऽऽऽ... खर्रर्र!

झाडाखाली माझी टीम उठली आणि डोळे मिटूनच बॅगा खांद्याला लावायला लागली. आणि तिकडं फोटोच्या मधनं अभिजित निघाला. सरळ चालत आला, माझ्या मागं बसला आणि कप मांडीवर ठेवला.

“चला कॅप्टन, दिवस मावळाय आला. काकी वाट बघत असतील.”

“अवो, कप! कप!” मॅनेजर ओरडले.

मी किक मारली.