गजाभाऊंचा बीपी आणि सगळ्या लाइनीचं मीठ

किराण्याच्या काउंटरवर बसलं की माल जातो अन् किस्से येतात. प्रताप नगरातल्या आमच्या दुकानांच्या लाइनीत दवाखान्याच्या सिस्टर मीठ कमी करायला आल्या, तेव्हापासून तर गोडाऊनच भरलं!

निमित्त माझे शेजारी, चिवडेवाले गजाभाऊ. बीपी बराच वर. याच बीपीनं त्यांच्या मोठ्या भावाला लकवा झालेला, त्यामुळे गजाभाऊंच्या बायकोची, शोभावहिनींची झोप उडाली. गजाभाऊ मात्र ठाम! "गोळी घेतो ना मी. मीठ काहून सोडू?"

सिस्टर म्हणाल्या, "ठीक आहे. मग सगळ्या लाइनीचंच कमी करू."

*

मला त्यांनी कमी सोडियमचं मीठ समोर मांडायला लावलं. किडनीवाल्यांना डॉक्टरला विचारल्याशिवाय द्यायचं नाही, हेही बजावलं. कोपऱ्यावरच्या काकू पुडा घेऊन गेल्या. आठ दिवसांत परत हजर!

"मीठ चांगलं हाय, भाऊ. पण चव यायले दुप्पट टाका लागते!"

*

समोरच्या भोजनालयातल्या टेबलांवरून मिठाच्या वाट्या उचलल्या. पाहिजे त्यानं मागून घ्यायचं. पहिल्यानं मागितलं, तसा वेटर खच्चून ओरडला, "पाच नंबरले मीठ!"

अख्खं भोजनालय वळून पाच नंबरकडे बघायला लागलं. त्या दिवशी पुन्हा कोणी मागितलं नाही!

*

गजाभाऊंनी पाटी लावली: 'कमी मिठाचा चिवडा'. पहिलंच गिऱ्हाईक तोंड वाकडं करून म्हणालं, "अळणी लागून राहिला ना!"

गजाभाऊ माझ्या कानात, "अबे, मीठ तर मी उद्यापासून कमी करणार होतो!"

सिस्टरनी पाटी उतरवली. "सांगायचं नाही. दर आठवड्याला थोडं थोडं कमी करायचं." महिन्याभरानं तेच गिऱ्हाईक बोटं चाटत म्हणालं, "आता कसा पहिल्यासारखा जमला!"

*

परवा मी गजाभाऊंकडे जेवायला होतो. पानं वाढली तेवढ्यात सिस्टर बीपी बघायला आल्या. चक्क खाली! वहिनींनी पदर डोळ्यांना लावला.

गजाभाऊ रुबाबात म्हणाले, "खरं सांगू सिस्टर? घरी मी काहीच सोडलं नाही!" अन् पानाजवळची मिठाची डबी उचलून वरणभातावर तीनदा झटकली. "याच्याबिगर मले घासच उतरत नाही!"

सिस्टर मशीन उलटंपालटं करून बघायला लागल्या.

वहिनी मला भात वाढायला वाकल्या अन् हळूच म्हणाल्या, "भाऊजी, हसू नका. डबीची छिद्रं मी महिना झाला मेणानं बुजवून ठेवली."

तेवढ्यात गजाभाऊंनी डबी माझ्याकडे सरकवली. "घे ना गा, लाजून काहून राहिला?"

मी तीनदा झटकली. एक घास घेतला. म्हटलं, "बस्स! आता लागलं मीठ!"