बोलावणं आलं, जोडीनं या

देवाच्या नावावर चार पैसे करणारे आमच्याकडे कमी नाहीत, आणि त्यांचा मला फारसा रागही येत नाही. नारळवाला, फुलवाली, चपला सांभाळणारा, सगळ्यांना पोट आहे. पण ही माणसं जमिनीवर बसतात. त्यांच्याकडे जायचं की नाही, ते आपण ठरवतो. आमच्या गावाशेजारच्या वॉटर पार्कनं मात्र देवीला आभाळात चढवलं आणि आमच्या अंगणावरून फिरवलं.

चंद्रपूरहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं गाव आहे. धानाची शेती, पलीकडे जंगल, आणि रस्त्यावरून दिवसभर लोहखनिजाचे ट्रक. त्यांच्या धुळीनं आमच्या छपरांवरची कवेलू आणखीच लाल झाली आहेत. मी चंद्रपुरात राहते आणि एसटीच्या आगारात चौकशीच्या खिडकीवर बसते. गाडी आली का, कधी येणार, कुठे लागणार, हे माईकवरून सांगायचं, हे माझं काम. एक शब्द चुकला तर माणूस भलत्याच गाडीत बसून भलत्याच गावाला जातो. त्यामुळे मोठ्यानं बोलणाऱ्यानं आधी तोंडातल्या तोंडात बोलून बघावं, असं माझं मत आहे. लोक मला खडूस म्हणतात. म्हणोत.

पार्क झाला तो जुन्या बोडीच्या जागेवर. बोडी म्हणजे आमच्याकडचं शेततळं. माझ्या लहानपणी तिथे म्हशी डुंबायच्या आणि त्यांच्या शेजारी आम्ही. बोडी बुजवून तिथे निळ्या फरशीचे हौद केले, बोअर मारून ते भरले, आणि त्याच उन्हाळ्यात गावातला हातपंप कोरडा खाकरायला लागला. पहिल्या वर्षी पार्कात फक्त घसरगुंड्या होत्या. दुसऱ्या वर्षी कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं, की चैत्रात देवीच्या जत्रेला जाणारी एवढी माणसं रस्त्यानं जातात, ती आत वळवली पाहिजेत. मग फायबरची भलीमोठी देवी आणून बसवली. तिच्या पायांच्या मधून एक घसरगुंडी काढली. ओल्या चड्डीतले बाप्ये देवीच्या पायांतून धबाककन खाली येऊन जयजयकार करत होते, आणि खालचं क्लोरीनचं पाणी बाटलीत भरून तीर्थ म्हणून काउंटरवर ठेवलं होतं. मी एकदा भाच्यांना घेऊन गेले होते, तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. तीर्थ आणि पॉपकॉर्न एकाच बिलावर मिळत होतं.

हे सगळं भिंतीच्या आत होतं तोवर मी नाक मुरडून गप्प बसले. पण त्या चैत्रात ते भिंतीबाहेर आलं.

त्या वेळी माझे बाबा लकव्यातून उठत होते. डावी बाजू गेली होती. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. मायनं तेल चोळून, बोलून, रागावून त्यांना पुन्हा माणसात आणलं. हळूहळू भिंत धरून ते ओसरीपर्यंत येऊ लागले. डॉक्टर म्हणाले होते, रक्तदाबाची गोळी एक दिवसही चुकवायची नाही आणि पोटभर जेवायचं, तेवढं केलं तर माणूस बांधावर जाऊन बसेल. बाबांनी ते मनावर घेतलं होतं. रोवण्याला, म्हणजे धानाची रोपं लावायच्या वेळी, बांधावर बसून बायांना दटावायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. मी रजा काढून गावाला आले होते. घरात पुष्कळ दिवसांनी हसू ऐकू यायला लागलं होतं.

आणि एके सकाळी डोक्यावर घरघर सुरू झाली. पाठीला मोठा पंखा बांधलेला एक माणूस रंगीत छत्रीखाली लटकत आमच्या घरावरून गेला. मागे लांबलचक लाल कापड, त्यावर पिवळी अक्षरं. गवत कापायच्या मशीनसारखा आवाज. कोंबड्या फणसाखाली घुसल्या, बैलानं दावं तोडलं, आणि अख्खं गाव मोबाइल वर करून रस्त्यावर आलं. ऊन चढलं की तो उतरायचा, ऊन कललं की पुन्हा यायचा. गावानं त्याला पंखेवाला नाव दिलं. हवेत देवीचं नाव दिसतं म्हणून काही बायांनी पदर पसरून नमस्कारही केला. माय तेवढी पातेलं घासता घासता म्हणाली, "देवीले इंजिन कायले लागते व?"

बाबांची खाट अंगणात फणसाच्या कडेला असायची. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत. पण अक्षर दिसलं की वाचायचंच, ही सवय. डोळे अधू झालेले, त्यामुळे मोठं तेवढं लागायचं. पहिल्या दिवशी त्यांनी बोटानं हवेत अक्षरं जुळवत वाचलं होतं, एवढं मला आठवतं. काय वाचलं ते मी विचारलं नाही. मी त्या वेळी पंखेवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करण्यात गुंतले होते.

त्यानंतर बाबा जेवेनात. भूक नाही म्हणायचे. पेज दिली की दोन घोट घेऊन वाटी बाजूला. बोलणं कमी झालं. उन्हाळ्यानं असेल, असं आम्ही धरून चाललो. मग माय खाटेची दोरी आवळायला बसली आणि दोरीच्या विणीतून एकेक गोळी खाली पडायला लागली. रक्तदाबाच्या गोळ्या. जिभेखाली धरून नंतर खाटेत खोचलेल्या.

मी चिडलेच. "बाबा, गोळ्या काऊन नाई घेतल्या?"

"कायले घेऊ? बोलावनं आलं."

"कोणाचं बोलावणं?"

त्यांनी चांगला हात उचलून वर बोट दाखवलं. "देवीचं. रोज येऊन राह्यलं. सकारी, संध्याकारी. अजून किती डाव बोलवन ते?"

मी धावत रस्त्यावर गेले आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा ते कापड नीट वाचलं. सगळ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, देवीचं बोलावणं आलं. त्याच्या खाली जरा लहान, जोडीनं या. आणि अगदी खाली, जमिनीवरून मुंगीएवढं दिसणारं, एका तिकिटावर एक मोफत.

मराठी माणसाला देवाचं बोलावणं आलं म्हणजे काय, हे सांगायला लागत नाही. आमच्या गावात म्हातारं माणूस गेलं की हेच म्हणतात. बोलावणं आलं, गेला. हे आमंत्रण पाचपन्नास रुपयांच्या सवलतीसाठी कुणी आभाळात फडकवेल, असं माझ्या बाबांना वाटणार कसं?

परत आले तर बाबा मायकडे बघत पडले होते. ती चुलीपाशी होती. मला जवळ बोलावून ते हळूच म्हणाले, "जोडीनं या म्हनते बाई. तुया मायनं काय केलं? तिले कायले नेते? मी लवकर एकटाच गेलो त तिचं नाव मागं राहीन."

म्हणून जेवण बंद. म्हणून गोळ्या खाटेत. नवरा बायकोच्या आधी घाईघाईनं निघाला होता, तिची वेळ टाळायला. मी न्हाणीत जाऊन रडले. मग तोंड धुतलं आणि पार्कात गेले.

मॅनेजर नागपूरकडचा होता. कपाळाला टिळा, गळ्यात ओळखपत्र, खोलीत एसी. मी सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि मधेमधे मोबाइलकडे बघत होता.

"मॅडम, हिंदीत बुलावा म्हणतात ना? माताजीचा बुलावा. तेच मराठीत केलं. बुलावा म्हणजे बोलावणं."

"मराठीत बोलावणं म्हणजे मरण, साहेब."

"तुम्ही निगेटिव घेऊन राह्यल्या." तो हसला. "आमचा प्लॅन तर धुरानं आकाशात ओम काढायचा होता. बजेटमध्ये बसलं नाही."

चंद्रपूरच्या आकाशात धुरानं लिहिणार. तिथे वीज केंद्राच्या चिमण्यांनी आधीच इतकं लिहून ठेवलंय की नव्या अक्षराला जागा नाही. मी शब्द बदला म्हटलं, तर म्हणाला, बॅनर छापून आलाय, आता जत्रा होईपर्यंत चालणार. मग खणातून दोन पास काढून माझ्यापुढे सरकवले. "अंकलना घेऊन या. व्हीआयपी दर्शन. आंटींना पण." तेही जोडीनंच. ते पास मी त्याच्या टेबलावरच्या तीर्थाच्या बाटलीखाली दाबून ठेवले आणि उठले. शिवी जिभेवर आली होती. दारात लहान पोरं रांगेत उभी होती, म्हणून गिळली.

बाबांना समजावून काही उपयोग झाला नाही. मी म्हणे जाहिरात आहे. ते म्हणत, जाहिरात भिंतीवर राह्यते. वरतून येते ते जाहिरात नसते. त्यांच्या सगळ्या आयुष्यात वरून पाऊस आला, ऊन आलं, गारा आल्या, वीज आली. तिकीट कधी आलं नव्हतं.

शेवटी दुसऱ्या दिवशी ऊन कलायच्या आत मी ऑटो बोलावला. बाबांना उचलून बसवलं, माय शेजारी त्यांना धरून बसली, आणि पार्कच्या गाड्या लावायच्या मैदानात गेलो. तिथूनच तो उडायचा. लाल कापड मातीत पसरलेलं होतं, गाड्यांच्या मधोमध. एका कोपऱ्यावर टायरचा ठसा. पंखेवाला टपरीच्या सावलीत समोसा खात बसला होता, घामेजलेला, साधा, परप्रांतातला माणूस. आम्हाला बघून तो उठला आणि खुर्ची घेऊन आला. त्याच्यावर माझा राग टिकला नाही.

बाबा खुर्चीत बसायला तयार होईनात. देवीचं नाव जमिनीवर आहे, आपण वर कसं बसायचं? ते कापडाशेजारी मातीत बसले आणि चांगल्या हातानं टायरचा ठसा पुसायला लागले. पुसता पुसता एकेक ओळ वाचत गेले. पहिली वाचली. दुसरी वाचली. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं. त्यांनी ती दोनदा वाचली.

"एका तिकिटावर एक मोफत," ते मोठ्यानं म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. "म्हंजे हे तिकीटवाल्यांचं हाय?"

"हो बाबा."

"देवीनं नाई धाडलं?"

"नाई."

बाबांनी आयुष्यात आमच्यासमोर कधी शिवी दिली नव्हती. त्या दिवशी त्यांनी त्या पार्काकडे, त्या फायबरच्या देवीमागच्या एसीच्या खोलीकडे बघून अशी एक सणसणीत शिवी हासडली की मायनं तोंडाला पदर लावला. पंखेवाल्याला मराठी कळत नव्हती, पण तोही हसला. मग बाबा म्हणाले, "चहा पाज बाई. साखर टाकून." टपरीवर चहा घेतला आणि त्याच चहाबरोबर मी त्यांना गोळी दिली.

पार्काचं कापड जत्रा संपेपर्यंत फिरत राहिलं. आमच्या अंगणात मात्र त्याची दहशत संपली. वरून घरघर आली की बाबा ओरडायचे, "जा बे, एक फुकट घेऊन जा!" पाऊस लागल्यावर रोवणा झाला तेव्हा ते बांधावर खुर्ची टाकून बसले आणि बायांना इतकं दटावलं, की त्यांनी गाण्यात गुंफून त्यांचीच टिंगल केली. त्यांना ती फार आवडली.

धान कापून झाल्यावर, थंडीच्या तोंडाशी, त्यांना दुसरा झटका आला. दवाखान्यातून सांगितलं, आता घरी न्या. मी पुन्हा रजा घेतली. ते ओसरीत पडलेले असायचे. दिवसभर डोळे मिटलेले, बोलणं तुटक. एका सकाळी, ऊन ओसरीत आलेलं असताना, त्यांनी माझा हात दाबला.

"बाई. बोलावनं आल्यासारखं वाटते."

त्यांनी जरा वेळ श्वास गोळा केला.

"बाहेर जाऊन पाय बरं. तो पंखेवाला त नाई?"

मी अंगणात आले. वर बघितलं. पार्क थंडीमुळे बंद होता. आभाळ निळं आणि रिकामं. ज्या आवाजाला मी दोन वेळच्या शिव्या दिल्या होत्या, तो कान देऊन शोधला. तो कुठूनही यावा, ते घाणेरडं लाल कापड फणसावरून एकदा तरी जावं, असं मला वाटलं. रस्त्यावरून फक्त ट्रक चालले होते. चौकशीच्या खिडकीवर बसून मी रोज माणसांना सांगते, आली, नाही आली. हे उत्तर मला जड गेलं.

आत येऊन मी म्हटलं, "नाई बाबा. वर कोणीच नाई."

"मंग खरं हाय," ते म्हणाले.

माय मागच्या दारी भांडी घासत होती. राखेचा आणि पितळेचा आवाज येत होता. बाबांनी त्या आवाजाकडे मान वळवायचा प्रयत्न केला, ती वळली नाही.

"जोडीचं त नाई ना?"

"नाई बाबा. एकट्याचंच हाय."

"मंग बरं हाय," ते म्हणाले.