काहिलीतलं बिऱ्हाड

माझी भाची परदेशात फिरून आली की मला फोटो दाखवायला बसते. मागच्या खेपेला तिनं जगातली चित्रविचित्र हॉटेलं दाखवली. कुठं झाडावर बांधलेली खोली, कुठं बर्फाचा पलंग, कुठं दारूच्या रिकाम्या पिंपात घातलेली गादी. लोक म्हणे महिनोन्‌महिने आधी सांगून ठेवतात आणि तिथं जाऊन झोपतात. "मावशी, तू झोपली असतीस का गं अशा ठिकाणी?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "अगं बाई, मी गुळाच्या काहिलीत झोपलेय. आणि एखादी रात्र नव्हे, बिऱ्हाडच केलं होतं तिथं." ती खो खो हसली. तिला वाटलं म्हातारी थट्टा करतेय. म्हणून हे लिहायला घेतलं.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी फायनलची परीक्षा देऊन मास्तरीण झाले आणि पहिलीच नेमणूक मिळाली ती बारामतीच्या पुढं, पिंपळीच्या शिवारातल्या एका वस्तीच्या शाळेवर. नवऱ्यानं मला नांदवलं नव्हतं. लग्नानंतर वर्षभरातच माहेरी आणून सोडलं, ते सोडलंच. माहेरी भावजयीच्या डोळ्यांदेखत दोन वेळा जेवायचं आणि त्या जेवणाची फेड म्हणून दिवसभर राबायचं, याला माझा जीव विटला होता. नोकरी हीच काय ती सुटका. पण शाळाखात्याच्या साहेबांनी बजावून सांगितलं होतं, "बाई, शाळेच्या गावी राहाल तरच नोकरी कायम होईल. रोज ये-जा चालणार नाही." म्हणजे सगळं अडलं होतं ते राहायच्या जागेपाशी. जागा मिळाली तर नोकरी, नाहीतर परत भावजयीच्या दारात.

आणि जागा मिळेना. कालव्याच्या पाण्यावरची बागायती वस्ती, घरं चांगली ऐसपैस, कुणाकुणाची एखादी खोलीही रिकामी. माणसं वाईट नव्हती. घरात बोलवायची, चहा पाजायची, वांगी नाहीतर घेवडा पदरात घालायची. मग हळूच विचारायची, "मालक काय करत्यात?" मी खरं ते सांगायचे, की चेहरा पडायचा. "बगतो, घरात इचारतो." हे विचारणं कधीच संपायचं नाही. चौथ्या का पाचव्या दारात माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मालक म्हशीला असतो. मला नाही." त्या घरची म्हातारी तोंडाला पदर लावून मनमुराद हसली, पण खोली काही तिनंही दिली नाही. माझ्या जिभेनं आयुष्यभर माझंच वाटोळं केलंय.

त्याच म्हातारीनं जाताना मागून सांगितलं, "सडंकंला आबांचं हाटेल हाय बगा. तितं कुनाला न्हाय म्हनत न्हाईत."

हाटेल म्हणजे गुऱ्हाळ होतं. बारामतीहून इंदापूरकडं जाणाऱ्या सडकेला लागून दगडी भिंतींचा, वर पत्रा घातलेला मांडव, मधोमध चुलवाण, म्हणजे रस आटवायची खड्ड्यासारखी मोठी भट्टी, आणि मागं गुळाच्या ढेपा ठेवायची एक खोली. दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंत इथं आसपासच्या शेतकऱ्यांचा ऊस यायचा आणि गूळ व्हायचा. बाकीचे महिने सगळं रिकामं. आबांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा वालचंदनगरला कारखान्यात लागला होता, त्याला क्वार्टर मिळालं होतं, बायकापोरं तिथंच. म्हातारा गुऱ्हाळात एकटा. रिकाम्या महिन्यांत आबा वाटसरूंना गुळाचा चहा, पिठलं-भाकरी द्यायचे आणि रात्रीपुरता आसरा द्यायचे. बैलांचे व्यापारी, शिवणयंत्रं विकत हिंडणारा एक जण, कालव्यावरचे मजूर, असले लोक उतरायचे. आणि ते झोपायचे काहिलीत.

काहील म्हणजे रस आटवायची लोखंडी कढई. पण कढई म्हणून तिची कल्पना यायची नाही. दोन माणसं हातपाय पसरून निजतील एवढी रुंद, गुडघ्याच्या वर खोल. हंगाम संपला की ती उभी करून, घरंगळत मागच्या खोलीत नेत आणि चार दगडांवर टेकवून ठेवत. वर्षानुवर्षं रस सांडून तिथली जमीन गोड झाली होती. त्यामुळं मुंग्या! लाल, काळ्या, डोंगळे, सगळं गणगोत. जमिनीवर पाठ टेकली की सकाळपर्यंत अंगाची चाळण. म्हणून आबांनी दगडांभोवती राखेची रिंगणं केली होती आणि काहिलीत चिपाडं पसरून वर वाकळ घातली होती. मुंगी राख ओलांडत नाही आणि लोखंड चढत नाही, असं ते म्हणायचे. चढायच्या एखाद-दोन, पण तेवढं चालायचं.

मी ट्रंक घेऊन दारात उभी राहिले. आबांनी वर बघितलं.

"एकल्याच हायसा?"

"हो. आणि मालक काय करतात विचाराल तर..."

"ते म्या कुठं इचारलं?" आबा म्हणाले. "मुंग्याचं भ्या वाटतं का, तेवडं सांगा."

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. त्या गावात आल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी उत्तर देता येईल असा प्रश्न विचारला होता.

त्यांनी मला मागची खोली दिली, आतून कडी बसवून दिली आणि वाटसरूंना मांडवात हलवलं. अट एकच. "दसऱ्यापत्तोर ऱ्हावा. मंग काहील चुलवाणावर चढती, हितं ढेपा लागत्यात, गड्यांचा राबता सुरू हुतो. तवर कुटंतरी जागा गावलंच की."

काहिलीत झोपायचं म्हणजे काय ते सांगते. कूस बदलली की लोखंड घुमतं. खोकला आला तरी घुमतं. पहिले काही दिवस मी श्वाससुद्धा जपून घेत होते. मग सवय झाली, आणि एका संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की मी मोठ्यानं बोलतेय. "आज भाकरी करपली." "उद्या तिसरीची उजळणी घ्यायची." काहील माझंच बोलणं मला जरा जाड आवाजात परत द्यायची आणि तेवढ्यानंही बरं वाटायचं. इतकी मी एकटी होते. शाळेत पोरं होती, पण पोरं साडेपाचला घरी जातात. "बाई, तुमी काहिलीत निजता?" असं विचारून फिदीफिदी हसायची. आबा भले, पण बोलणं मोजकं. चहा उंबऱ्यावर ठेवून बाजूला व्हायचे. नागपंचमीला बायका झोक्यावर गाणी म्हणत होत्या. मी नवं लुगडं नेसून, बांगड्या भरून तिकडं गेले आणि बांधावर बराच वेळ उभी राहिले. कुणी हाकललं नाही. कुणी ये पण म्हटलं नाही. परत आले आणि त्या लुगड्यानिशीच काहिलीत जाऊन बसले.

जागा शोधणं चालूच होतं. श्रावण गेला, गणपती गेले, पितृपक्ष आला, तरी जागा नाही. दसरा जवळ आला तशी मी शाळा सुटली की पुन्हा त्याच दारांना जाऊन विचारू लागले. आबा मात्र खुलत चालले होते. चुलवाण सारवलं, घाणा पुसून तेलपाणी केलं, चिपाडाची गंजी नीट रचली. ज्यांनी ऊस आणायचं कबूल केलं होतं त्यांच्या उसाची ते बोटांवर उजळणी करायचे. मुलगा सारखा म्हणायचा, आता कारखान्याला ऊस घाला, गुऱ्हाळं संपली. आबा म्हणायचे, "माजं चुलवाण पेटतंय तवर म्या हाय."

मग वरकुट्याहून गुळव्या आला. गूळ कधी उतरवायचा हे ठरवणारा तो, त्याच्या शब्दावर सगळा हंगाम. आबांचा जुना दोस्त. दोघांनी गडी बोलावून काहील बाहेर काढली, चिंच लावून घासायला घेतली. मी खोलीत ट्रंक भरत होते. गुळव्यानं वाकळ बघितली असावी.

"ह्यात कोन निजत व्हतं?"

"मास्तरीणबाई."

घासण्याचा आवाज थांबला. "बाईमानूस? आनि महिन्याचं? चार दिस भायेर बसायचं, तवा कुठं निजत व्हती?"

मी कुठं निजणार? त्यातच निजत होते. दुसरी जागा कुठली मला?

"आबा, गूळ धरनार न्हाय ह्यात," गुळव्या म्हणाला. "लिबलिबीत ऱ्हाईल."

"घासतोय की. वर जाळ लागंल. जाळापरीस शुद्ध काय हाय?"

"म्या एक येळ मानीन. पर मानसं ऊस घालनार न्हाईत."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तशीच बाहेर आले. गडी सगळे माना खाली घालून उभे. "बैलांचे व्यापारी पायाच्या शेणासकट झोपले ते चाललं तुमच्या गुळाला? विड्या ओढून थुंकले ते चाललं? माझंच काय विटाळलं?" गुळव्यानं टोपी सारखी केली आणि हात धुतले.

दसरा झाला. आबांनी चुलवाणाची पूजा केली, नारळ फोडला, सडकेकडं तोंड करून बसले. उसाची एकही गाडी वळली नाही. कबूल केलेली माणसं समोरून गाड्या घेऊन पुढं गेली; काहींनी "राम राम आबा" केलं, काहींनी तेही नाही. पलीकडच्या शिवारात दुसऱ्यांची गुऱ्हाळं पेटली. संध्याकाळी वारा इकडचा असला की शिजत्या रसाचा वास यायचा. असा वास आला की आबा जेवण टाकून उठायचे. ढेपाच नव्हत्या, म्हणून मी अजून मागच्या खोलीतच राहत होते. काहील तशीच मांडवाबाहेर पडून होती. ती चुलवाणावर चढवायची तर सहा-सात गडी लागतात, आणि गडी गुळव्याबरोबर निघून गेले होते.

मी एकदा सरळ विचारलं. "आबा, माझ्यामुळं झालं ना हे?"

"व्हय," आबा म्हणाले. खोटं बोलायचा त्यांचा स्वभावच नव्हता.

मुलगा येऊन गेला. माझ्याशी वाकडं बोलला नाही, पण बापाला म्हणाला, "आता तरी आइका. हुबा ऊस वाळवनार हायसा का?" आबांनी मान हलवली. आबांच्या स्वतःच्या रानातला ऊस तुटला आणि वालचंदनगरकडं गेला. शेवटची गाडी गेल्यावर ते चुलवाणाच्या काठावर बराच वेळ बसून राहिले. आत राखसुद्धा नव्हती.

मग मला तिथं राहवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रंक उचलली आणि सडकेला येऊन उभी राहिले. नोकरी जाणार, भावजयीचं तोंड बघावं लागणार, सगळं कळत होतं. पण मी गेले तर निदान पुढच्या वर्षी लोक येतील, चुलवाण पेटेल, असा मी हिशोब केला होता. बारामतीकडं जाणारी एसटी लांबून दिसली. मागून आबा आले. हातात चहाचा पेला.

"कुटं निघाला?"

"माहेरी."

"तितं कोन वाट बगतंय?"

कुणीच वाट बघत नव्हतं.

"तुमी गेल्यावर चुलवाण पेटनार असतं, तर म्याच येष्टीला हात केला असता," आबा म्हणाले. "पर न्हाय पेटनार आता. ऊस एकदा कारखान्याच्या वाटंला लागला की माघारी येत न्हाय. ते मला तुमी यायच्या आदीपासनं ठावं हाय. ह्या वर्साला निमित्त घावलं मानसांस्नी, एवडंच. मंग तुमी तितं आनि म्या हितं, दोगांनी दोन जाग्याला एकलं कशापायी बसायचं?"

त्यांनी चहाचा पेला पुढं केला. मी तो घेतला. मला रडू आवरेना आणि मी आवरलंही नाही.

एसटी येऊन थांबली. कंडक्टरनं दार उघडून ट्रंकेकडं बघितलं. "चढताय ना बाई? कुठलं तिकीट?"

आबा म्हणाले, "न्हाय, जाऊ द्या तुमी. त्या हितंच ऱ्हात्यात."