चाकाखालचे दोन ब्लॉक

मागच्या शुक्रवारी आमच्या शेतात नांगर चालला... म्हणजे चालला कसला, जमिनीची पाठ खाजवत होता!

बोईसरजवळ, सरावलीच्या अलीकडे आमचा भाताचा एक तुकडा आहे. आजूबाजूला जो तो खोल्या बांधून कामगारांना भाड्याने देतोय आणि आमच्या ह्यांच्या डोक्यातही तेच. मी मात्र गेल्या वर्षी हौसेने तिथे मिरची लावली आणि सपशेल तोंडावर पडले. रोपं उपटून बघितली तर मुळं बोटभर खाली जाऊन आडवी पसरलेली... वर्षानुवर्षं भातासाठी चिखलणी करून करून खालचा थर दगडासारखा झालेला.

मग घरात रोज तोच विषय. शेवटी मीच म्हटलं, यंदा खोल नांगरून बघू. नाही जमलं तर बांधा तुमच्या खोल्या, मी ब्र काढणार नाही. बोलून तर बसले... आणि लगेच पस्तावले. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या तुकड्यात मी भात लावलाय हो.

ह्यांनी लगेच ठेकेदाराला बोलावलं. तो बाबा सॅम्पल म्हणून सिमेंटचे सहा इंची भरीव ब्लॉक, दोन नग, आमच्या ओट्यावर ठेवून गेला. रोज झाडताना ते सरकवायचे आणि मनातल्या मनात त्याला शिव्या घालायच्या, हा माझा सकाळचा कार्यक्रम.

आमच्या बचत गटाचा एक छोटा ट्रॅक्टर आहे. शुक्रवारी माझी पाळी, शनिवारी सुमनताईची. मला परत मिळणार पंधरा दिवसांनी, तोवर जमीन वाळून आणखी कडक.

हे बोईसरला एका कंपनीत मेंटेनन्सला आहेत, शुक्रवारी सुट्टी. खोल्या हव्यात ते वेगळं, पण यंत्र दिसलं की ह्यांचे हात शिवशिवतात. सकाळीच ट्रॅक्टर अंगणात घेतला, कंपनीतली लेव्हल काढली... ती नळीत बुडबुडा असलेली. नांगर असा बसवला की बुडबुडा बरोब्बर मधोमध. चेहऱ्यावर काय ते तेज!

शेतात पहिला चर छान गेला. मी खूश. दुसऱ्यापासून मात्र नांगर जो तिरका झाला... एका बाजूने माती ओरबाडतोय, दुसरी बाजू अधांतरी. मी मागून चरात हात घालून बघत होते, चार बोटंसुद्धा आत जाईनात.

ह्यांनी नांगरावर दगड बांधला. तरी तेच. मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणतात, "तू बसतेस का जरा त्यावर?" घ्या! माझ्या वजनाची चेष्टा घरात ठीक आहे, पण नांगरावर बसून हातपाय कोण मोडून घेणार? मी साफ नाही म्हटलं.

दुपार टळत आली. एवढ्यात सुमनताई बांधावर हजर. "ताई, झालं का नाय? उद्या मला न्यायचा हाय ट्रॅक्टर." मी म्हटलं, होतंय की... आणि रडूच आलं. तोंड फिरवलं आणि मन घट्ट केलं, आता हे खोल्यांचा विषय काढणार.

सुमनताई मात्र ह्यांच्याकडे बघून हसत सुटली. "भाऊ, तुमी एका अंगावर कलंडून काय बसलाय? पडाल ना!"

हे वैतागले. "कलंडणारच ना! उजवं चाक चरात, डावं वर..." आणि मध्येच थांबले. तोंड तसंच उघडं.

अंगणात दोन्ही चाकं सपाटीवर होती, म्हणून नांगर सरळ. शेतात एक चाक चरात उतरलं की ट्रॅक्टर तिरका आणि त्याच्यामागे नांगरही तिरका. इतकी साधी गोष्ट... वीस वर्षं मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाला एका बुडबुड्याने सकाळपासून झुलवलं होतं.

"डाव्या चाकांखाली उंची हवी. चर जेवढा खोल, तेवढीच," हे पुटपुटले. मग स्कूटर काढून तडक घरी गेले. परत आले तेव्हा पायाशी ते दोन ब्लॉक!

ह्यांनी ट्रॅक्टर शेताबाहेर काढला. सपाट रस्त्यावर डाव्या बाजूची पुढची-मागची चाकं ब्लॉकवर चढवली, इंजिन बंद केलं आणि नांगर नव्याने सरळ केला. नांगर ट्रॅक्टरला जोडणारा वरचा दांडा थोडा आखडून नांगराचं टोकही खाली झुकवलं. बुडबुड्यावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे होतं.

मग जो चर पडला ना... कर्रकन थर फुटला आणि खालची ओली, गार माती वर आली. मी हात घातला तो मनगटापर्यंत आत. सुमनताईनेही घालून बघितला. "आता कशी बोललीस!" म्हणाली, मी काहीच बोलले नव्हते तरी. अंधार पडायच्या आत अख्खा तुकडा नांगरून झाला.

शनिवारी ट्रॅक्टर तिच्याकडे गेला, बरोबर ते ब्लॉकही गेले.

आज सकाळी आम्ही दोघं मिरचीची रोपं लावत होतो. ठेकेदाराचा फोन आला. मातीचे हात पँटला पुसत हे म्हणाले, "ब्लॉक होय? ते नाही मिळणार हो परत. कामाला लागलेत."

एवढंच. फोन खिशात टाकला आणि पुढचं रोप मागायला हात पुढे केला. मी ते दिलं, पण मान वर केली नाही... डोळे भरले होते.

मिरच्या किती लागतील देव जाणे. पण अहो, तुम्ही हे वाचणार माहितीये, म्हणून इथेच लिहिते, तोंडावर म्हणायला मला जमत नाही... थँक यू.